पताका

मस्कतमध्ये ओळखपत्राला आपली माणसं पताका म्हणतात.
अरबीत बताका. तोंडोतोंडी ब झिजला, प उरला.
पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं, पताका आली का?
मी म्हटलं, कसला उत्सव आहे?

रूवीच्या इस्पितळात, तळमजल्यावर, माझी रात्रपाळी.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
यंत्र एकेक पेशी लेझरपुढून सोडतं,
नाक्यावरून गाड्या सोडाव्यात तशी.

डॉक्टर थुरैया काहवा ओतता ओतता सांगतात:
प्रत्येक पेशी अंगावर पताका लावून असते.
आत काय शिजतंय, त्याचं शीत बाहेर टांगलेलं.
पहिला पहारेकरी ते शीत वाचतो.
म्हणून विषाणू पताका वर येऊच देत नाही,
आतल्या आत खुडतो.

मग येतो दुसरा. नैसर्गिक मारक पेशी.
हा अडाणी.
नुसता हात फिरवतो: आहे की नाही?
नसली तर
ना प्रश्न, ना पंचनामा.
भोक पाडतो आणि पुढच्या दारी जातो.

विषाणूला डोकं नाही.
मेले ते मेले, लाखो वर्षं,
आणि उरला तो शिकलेला दिसतो.
उरलेल्यांतल्या एकाने कोरी पताका शिवली,
मापात नेमकी, वर अक्षर नाही.
पेशी मदतीसाठी जी लाल फडकी बाहेर काढते
तीही त्याने आतच दाबून धरली.
हात येतो, चाचपतो,
थबकतो.
चल, जा.

अडीचला नळी आली.
नाव सैफुद्दीन, गाव चितगाव,
परांचीवरून पडलेला, पोटात रक्तस्राव,
चार पिशव्या ताबडतोब.
दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ओ पॉझिटिव्ह.
माझ्या नळीत बी.
पुन्हा केलं. बी.

रक्त दुसरी नळी काढायला मीच वर गेले.
सुई टोचताना सवयीने पुटपुटले,
जरा कळ लागेल हां.
त्याने डोळे उघडले.
नखांत सिमेंट.
"कुठलं गाव, बाय?"
चितगावचा माणूस असं विचारत नाही.
मी काहीच बोलले नाही, तर तोच म्हणाला,
"दौलत मांडवकर. वेळणेश्वर.
माझी संपली मागच्या रमजानात.
ही सैफूची. तो गेला परत."

दाराशी पोलीस, कागदी कपात चहा बुडवत.

जिना उतरताना मला विषाणूच आठवला
आणि लाज वाटली.
विषाणू दुसऱ्याच्या इमारतीला गिलावा करत नाही,
सव्वीस तारखेला पैसे पाठवत नाही,
पडला तर आई गं म्हणत नाही.
पण पताकेवर विश्वासून ओ लिहिलेलाच दुसरा कुणी
उद्या सैफूच्या नावावर बी घेऊन मेला असता,
हेही खरं.
मी कोणता पहारेकरी?
वाचणारी, की चाचपणारी?

नियमात एक ओळ आहे:
ओळख संशयास्पद असेल तर.
मी लेबल छापलं.
अज्ञात पुरुष, बी पॉझिटिव्ह.
मापात नेमकं. वर नाव नाही.
पिशव्या वर गेल्या.
आठ वाजता कुणीतरी येईल आणि वाचेल.
तोवर थेंब थेंब.

थुरैयांना मी एवढंच विचारलं,
तो अडाणी कधीच शिकत नाही का?
शिकतात काही, त्या म्हणाल्या.
एकदा फसलेल्यांतून मोजके,
त्यांना वेगळा हात फुटतो, खोट्याची शिवण ओळखणारा.
वर्षानुवर्षं अंगात राहतात.
मग कप विसळत म्हणाल्या,
तू का विचारतेस?

सहाला फाटकावर पहारेकऱ्याने माझी पताका मागितली.
फोटो बघितला नाही.
अंगठा फिरवला तिच्यावरून,
परत दिली.